समजून घ्या : डेटा सुखरूप पोहोचला, तरी बँक ठप्प का झाली?

एप्रिल २०१८. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेच्या लाखो ग्राहकांना आपलंच ऑनलाइन खातं उघडता येईना. निमित्त होतं डेटाबेस स्थलांतराचं, म्हणजेच मायग्रेशनचं.

नेमकं काय झालं?
टीएसबीचा डेटा जुन्या मालकाच्या, म्हणजे लॉइड्सच्या यंत्रणेवर होता. नवा मालक, स्पेनची सबाडेल बँक. एका वीकेंडमध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती सबाडेलच्या यंत्रणेवर हलवली गेली.

चूक कुठे झाली?
माहिती नीट पोहोचली, पण ग्राहकांची गर्दी नव्या यंत्रणेला पेलवली नाही. दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भार-चाचणी झाली होती, असं चौकशीत समोर आलं.

टूल्स काय करतात?
मायग्रेशन टूल नोंदी कॉपी करतं, दरम्यान झालेले बदलही नव्या डेटाबेसमध्ये आणतं आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळतात का ते तपासतं. मॉनिटरिंग टूल वेगळं. उत्तर यायला किती वेळ लागतो, किती जण जोडलेत, डिस्क भरत आली का, यावर ते नजर ठेवतं आणि वेळीच इशारा देतं. मात्र गर्दीची रंगीत तालीम आणि परत फिरण्याची तयारी माणसांनाच करावी लागते.

किंमत किती?
सेवा पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला.

थोडक्यात, डेटा हलला म्हणजे काम झालं असं नाही. सोमवारची गर्दी झेपली, तरच स्थलांतर यशस्वी!