टाइल्सवरचं सिमेंट आणि ॲसिडची बाटली

सोनपेठसारख्या गावात नवं घर बांधून झालं, की न्हाणीघरातल्या चकचकीत टाइल्सवर करडे ठिपके आणि पांढुरका थर राहिलेला दिसतो. मिस्त्री जाता जाता सांगतो, "ॲसिड टाका, निघून जाईल." निघतं हे खरं. पण त्याबरोबर आणखी काय जातं, तेच आज मला सांगायचं आहे.

सिमेंट नुसतं वाळत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते दगडासारखं घट्ट होतं. टाइल्स चिकटवण्याच्या तयार मिश्रणात सिमेंट आणि बारीक वाळूबरोबर डिंकासारखं काम करणारं पॉलिमरही असतं, म्हणून ते जास्तच चिवट. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर आवळतं. तेव्हा ओल्या स्पंजाने पुसायची वेळ काम चालू असतानाच.

ती वेळ टळली, तर ओलं फडकं काही वेळ डागावर ठेवावं आणि मग लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडावं. पातं किंवा तारेचा घासा वापरला, तर टाइल्सवर ओरखडे उठतात.

आता ॲसिड. ते सिमेंट खातं. पण डागातलं कोणतं आणि सांध्यातलं कोणतं, हे त्याला कळत नाही. सांधे झिजले की पाणी टाइलमागे मुरतं. खाली शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीचीच. ॲसिड पडताच फेसाळते आणि तिची झिलई कायमची जाते. व्हिनेगरनेही तिला इजा होते.

वापरायचंच झालं, तर सांधे पक्के होऊ द्यावेत आणि आधी पाण्याने भिजवावेत. ॲसिड पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि शेवटी भरपूर पाणी. ब्लीचिंग पावडर मात्र त्यात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. 1915 साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडलेला वायू तो हाच. लहानशा न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच: काम उक्तं द्या की रोजाने, रोज संध्याकाळी टाइल्स पुसून देणं मजुरीतच ठरवून घ्या. बादलीभर पाणी आणि एक स्पंज, एवढ्यात भागतं.