सागरतळीचा वर्षाव

सोलापूर समुद्रापासून दूर आहे. अरबी समुद्राचा किनारा तेथून पश्चिमेस सुमारे 300 किलोमीटरांवर असून मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तरीही मृगाचे दिवस आले, की तेथील शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागते. मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. त्याचा पाऊस काळ्या मातीत मुरतो आणि त्याच ओलीवर पुढे रब्बीची ज्वारी उभी राहते. हेच वारे आणखी एका सृष्टीचे पोषण करतात. ती सृष्टी अरबी समुद्राच्या तळाशी, घोर अंधारात नांदते.

समुद्रात 200 मीटरांच्या खाली सूर्यप्रकाश फारच थोडा पोहोचतो, आणि पुढे तर काळोखच असतो. प्रकाश नाही तेथे वनस्पती वाढत नाहीत. असे असूनही दोन-तीन हजार मीटर खोलीवर नाना प्रकारचे कृमी, तारामासे, समुद्रकाकड्या असे प्राणी राहतात. मग ते खातात काय? त्यांतील बहुतेकांचे अन्न वरून येते. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. त्यांचे मृत अवशेष, तसेच त्यांवर जगणाऱ्या जीवांची विष्ठा व कवचे सावकाश खाली उतरतात. हा वर्षाव हिमकणांसारखा दिसतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याला ‘सागरी हिम’ म्हणतात.

हा वर्षाव वर्षभर सारखाच होतो, की त्यालाही ऋतू असतो? एवढ्या खोल पाण्यात तो मोजावा कसा? असे प्रश्न सोडवणे एकट्यादुकट्या राष्ट्राला अवघड असते. महासागर अफाट आहे आणि त्याच्या पाण्याला सीमा ठाऊक नाहीत.

हिंदी महासागराच्या संशोधनात अशा सहकार्याचा पाया आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने घातला. 1959 ते 1965 या काळात अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी तीत भाग घेतला. भारतीय नौदलाचे ‘किस्त्ना’ हे जहाजही त्यांत होते. प्रत्येकाने निराळे जाळे वापरले असते, तर एकाची मोजणी दुसऱ्याच्या मोजणीशी जुळली नसती. बाजारात वजने सर्वांची सारखी असावी लागतात. विज्ञानातही तोच नियम आहे. म्हणून एक चौरस मीटर तोंडाचे, एकाच नमुन्याचे जाळे ठरवण्यात आले. त्यात सापडलेले सूक्ष्म जीव कोचीन येथील केंद्रात पाठवले जात व तेथे त्यांची वर्गवारी होई. या मोहिमेतूनच 1966 साली भारताची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मास आली. तिचे मुख्य कार्यालय आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

1986 साली या संस्थेने पश्चिम जर्मनीतील हँबुर्ग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसह सागरी हिम मोजण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी मोठ्या नसराळ्याच्या आकाराचे सापळे अरबी समुद्रात सोडण्यात आले. वजनाने दोर तळाशी रोवलेला राही, तरंगक त्याला ताठ उभा धरीत आणि सापळे खोल पाण्यात स्थिर राहत. नसराळ्याखाली बाटल्यांचे चक्र असे. ठरावीक दिवस झाले, की भरलेली बाटली बाजूस होऊन रिकामी बाटली पुढे येई. अनेक महिन्यांनी जहाज परत जाई आणि ध्वनीचा संकेत पाठवी. त्यासरशी वजन सुटे व सापळे वर येत.

बाटल्या तपासल्यावर उत्तर मिळाले. मोसमी वाऱ्यांच्या काळात वर्षाव वाढत होता. नैर्ऋत्य वारे जोरात असताना तर तो विशेष वाढे. वारे वरचे पाणी दूर लोटतात व ढवळतात. त्यामुळे खालचे थंड, पोषक क्षारांनी युक्त पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात आणि काही दिवसांतच त्यांचे अवशेष तळाकडे निघतात. ही माहिती 1989 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती साऱ्या जगाच्या उपयोगाची ठरली.

2015 साली हिंदी महासागराच्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ गोव्यातच झाला. मोसमी वाऱ्यांत बदल झाला, तर त्याचा परिणाम शेतकऱ्याच्या कणगीवर होईल, तसाच ज्या जीवांनी सूर्य कधी पाहिला नाही त्यांच्या अन्नावरही होईल. तो बदल वेळीच ओळखायचा असेल, तर अनेक देशांना एकाच मापाने मोजावे लागेल आणि मोजलेले एकमेकांना सांगावे लागेल.