जुन्या संगणकाला नवी कार्यप्रणाली : निवड कशी करावी?

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. ती कोणी सांगावी लागत नाही. परंतु २०२५ साली नेमक्या याच तारखेला मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबविली आणि आपल्या अभ्यासिकेतील तीन संगणकांचा प्रश्न उभा राहिला. तिन्ही संगणक सभासदांनी दान दिलेले, दहा-बारा वर्षांचे. यंत्रे चालू होती. पण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या बंद झाल्या म्हणजे कुलूप जुने आणि चोर नवे अशी गत होते. 'विंडोज ११' घालावे तर त्याला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. ती आमच्या यंत्रांत नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या.

भंगारात द्यायला मन होईना. याच संगणकांवर मुले महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती पाहतात. घरात एकच मोबाईल आणि तोही सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो, अशा मुलीला अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे यंत्र बंद दिसले तर तिचे वर्ष जाऊ शकते. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. संगणकाचे शास्त्र शिकलेलो नाही. तरीही विचारत, चुकत जे कळले ते येथे मांडत आहोत.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे बँकेच्या भाषेत सांगतो. शाखेत कोणत्या खिडकीवर कोण बसेल, तिजोरीची किल्ली कोणाकडे, कोणाचे काम आधी, हे शाखाधिकारी ठरवतो. संगणकात मेमरी, डिस्क, कळफलक, छपाई यंत्र यांची अशीच वाटणी करणारा कारभारी म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज हा एक कारभारी. दुसरा लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीचे काम जाहीर केलेच होते. याचा मूळ मसुदा कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी परवान्यातच मुभा आहे. म्हणून दहा विद्यार्थ्यांना त्याची प्रत दिली तर ती चोरी ठरत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत विंडोजची चोरटी प्रत असते आणि ती चोरटी आहे हे घरच्यांना ठाऊकही नसते. आम्हाला फुकटपणापेक्षा हा सरळपणा अधिक मोलाचा वाटला.

एकाच गाभ्यावर अनेकांनी आपापली मांडणी केल्यामुळे लिनक्सची नावे पुष्कळ, आणि नवखा माणूस तेथेच गोंधळतो. सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी संस्थेची 'बॉस' ही प्रणाली आहे, भारतीय भाषांसाठी केलेली. उबुंटू, लुबुंटू, डेबियन आहेत. आम्ही 'लिनक्स मिंट' आणि त्यातही 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती निवडली. कारण साधे: तिची खिडकी, खालची पट्टी, कोपऱ्यातील मेनू विंडोजसारखे असल्याने मुलांना नव्याने शिकवावे लागत नाही, आणि अडले तर उत्तर देणारी माणसे जगभर आहेत. मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असेल तर बरे. यंत्र ३२ बिटचे असेल तर मात्र ही चालणार नाही; तेथे अँटीएक्ससारखी फार हलकी प्रणाली पाहावी.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. प्रणाली कितीही हलकी घेतली तरी मेमरी खातो तो ब्राउझर. आमच्या २ जीबीच्या यंत्रावर मिंट छान उघडते. पण अर्जाचे पान, ईमेल आणि एखादा व्हिडिओ एकदम उघडला की ते बसलेच. तेव्हा खर्चाला थोडे पैसे असतील तर आधी मेमरी वाढवावी आणि जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. आमच्या एका यंत्रात ती बसविली, तेव्हा प्रणाली बदलण्यापेक्षाही जास्त फरक पडला.

जुन्या-साध्या यंत्रावर मुले शिकत नाहीत हा समज खोटा आहे. २००७ साली 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा प्रयोग कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्याच्या शाळेत झाला. (हे कर्जत आपल्या जिल्ह्यातले नव्हे, रायगडचे.) त्या लॅपटॉपमध्ये लिनक्सच होते आणि मेमरी अवघी २५६ एमबी. केरळच्या सरकारी शाळांत तर संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणालीच वापरली जाते.

आता आमची चूक. मिंटची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक चालू करता येतो. आतल्या डिस्कला हात न लावता तासभर वापरून वाय-फाय, आवाज, छपाई यंत्र चालते का, हे पाहता येते. एवढी सोय असताना आम्ही पहिल्याच रविवारी उत्साहाने 'इरेज डिस्क' हा पर्याय दाबला. त्या डिस्कवर सभासदांची आणि देणगीदारांची यादी होती. दुसरी प्रत कोठेच नव्हती. पुढचे सहा रविवार पावती-पुस्तके घेऊन आम्ही ती यादी पुन्हा लिहीत बसलो. दोन पुस्तके सापडलीच नाहीत. तेव्हा आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा, मगच पुढे जा. आणि यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळी हे काम सुरू करू नका.

मराठी टंकलेखनाची भीती बाळगू नये. इनस्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये आहे, फक्त सेटिंगमध्ये जोडावा लागतो. मात्र जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक इंग्रजी चिन्हांसारखा दिसतो. एमएस-सीआयटी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की लिब्रे ऑफिसमध्ये पत्र, तक्ता सर्व होते, पण मेनूची जागा वेगळी; परीक्षेचा सराव मायक्रोसॉफ्टच्याच ऑफिसवर करावा. टॅली शिकायची असेल तर विंडोजच हवे. त्यासाठी आम्ही बँकेतील मित्रांकडून वर्गणी काढून एक नवे यंत्र घेण्याच्या खटपटीत आहोत.

ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' हे पाठ विनामूल्य आहेत, मराठीतूनही. मिंटचा पेन ड्राइव्ह अभ्यासिकेच्या कपाटात, पावती-पुस्तकांच्या शेजारी ठेवला आहे. घरी नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी व आठ दिवसांत परत आणून ठेवावा.