यंत्रराज : आकाश मोजणारी पितळी तबकडी

सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून वेळ सांगणारे आणि उदयास्त काढून देणारे, हातात मावणारे पितळी यंत्र म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब. संस्कृत ग्रंथांतला हा यंत्रराज. ज्या गावी तो वापरायचा, त्या गावच्या अक्षांशाची चकती त्यात बसवावी लागते. दिल्लीची २८.६ अंशांची चकती कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडला चालणार नाही. इथे सुमारे १६.४ अंशांची हवी.

उगम आणि प्रवास

गोल आकाश सपाट चकतीवर उतरवण्याचे गणित ग्रीकांचे. आठव्या शतकापासून इस्लामी जगातल्या कारागिरांनी यंत्र घडवत नेले. नमाजाच्या वेळा काढायला त्याचा उपयोग होई. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्या आश्रयाला असलेले जैन मुनी महेंद्रसूरी यांनी १३७० मध्ये ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ३२ ताऱ्यांची यादी आहे.

रचना

काठावर अंश कोरलेल्या खोलगट तबकात अक्षांशाची चकती बसते. तिच्यावर त्या गावचे क्षितिज आणि उंचीची वर्तुळे असतात. वर जाळीदार चकती फिरते. तिची टोके म्हणजे स्वाती, चित्रा, रोहिणी असे ठळक तारे, आणि तिच्यावरच्या वर्तुळात बारा राशी. पाठीमागे फिरती पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना भोके.

वेळ कशी काढत?

यंत्र कडीला धरून लोंबते ठेवायचे. वरच्या भोकातला सूर्यकिरण खालच्या भोकावर पडेपर्यंत पट्टी फिरवायची. सूर्याकडे डोळा लावायचाच नाही. काठावर सूर्याची उंची कळते. मग जाळी फिरवून त्या दिवशीचे सूर्याचे स्थान त्या उंचीच्या वर्तुळावर आणायचे: सकाळी पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे. काठावर वेळ वाचता येते.

ही वेळ स्थानिक. मुरगूडचे रेखांश सुमारे ७४.२, प्रमाणवेळेचे ८२.५. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर इथली सरासरी सौरवेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे राहते.

महाराष्ट्रातली यंत्रे

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ (१५२०) पंचांगाच्या गणितासाठी पिढ्यानपिढ्या वापरला गेला. त्यांनीच दांड्यावर पडणाऱ्या सावलीवरून वेळ सांगणारे ‘प्रतोदयंत्र’ वर्णिले. चाबकाच्या दांड्यासारखे असल्याने ते चाबूकयंत्र. साताऱ्याचे चिंतामणी दीक्षित यांनी १७९१ मध्ये ‘गोलानंद’ या वेधयंत्रावर ग्रंथ लिहिला. गोव्याला येणारे पोर्तुगीज खलाशी मात्र यंत्रराजाचे साधे, जड रूप, म्हणजे सूर्याची उंची तेवढी मोजणारे कडे, वापरत. पुढे कोन मोजणारा सेक्स्टंट आणि घड्याळे यांनी ही कामे घेतली.

मुरगूडला करून पाहा

कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा आणि वजन बांधा. सरळ कडेने ध्रुवतारा नेमा. दोरा ९० अंशांच्या खुणेपासून जितका सरकेल, तितकी ताऱ्याची उंची. ती सोळा अंशांच्या आसपास येईल, आणि तोच आपल्या गावचा अक्षांश. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत एकेक दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो, तेव्हा उभ्या काठीची सावली पायाशीच विरते. शाळांनी हे दोन दिवस वेळापत्रकात धरावेत. भूगोलातले अक्षांश मुलांना अंगणातच मोजता येतील.