रीस्टार्ट होणाऱ्या संगणकात संशयित कोण?

गेम ऐन रंगात असताना संगणक एकाएकी रीस्टार्ट झाला, की बरेचजण विंडोज नव्याने टाकायला बसतात. पण निळा स्क्रीन किंवा कसलाही संदेश न येता हे घडत असेल, तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्यावा. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद कारण सांगत नाही. मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच सांगते.

‘सप्लाय चांगला ७५० वॅटचा आहे, मग वीज कमी कशी पडेल?’ हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र ग्राफिक्स कार्डाची मागणी सरासरीला धरून नसते. ती क्षणार्धात कितीतरी उसळते आणि सप्लायमधलं संरक्षक सर्किट वीज तोडतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, ग्राफिक्स कार्डासाठीची नवी जोडणी असलेल्या सप्लायने क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतचा १०० मायक्रोसेकंदांचा झटका सोसावा, अशी अपेक्षा आली. उष्णतेचं म्हणाल, तर तापलेला प्रोसेसर आधी वेग उतरवतो, गेम अडखळतो; बंद पडणं ही शेवटची पायरी. तापमान आटोक्यात असेल, तर कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम चालवावा. रीस्टार्ट थांबले, तर सप्लायवरचा संशय बळावतो. नाही थांबले, तर एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव वेग देणारी सेटिंग, बंद करून रॅम तपासावी. सुटे भाग बदलण्याआधी करायच्या या दोन्ही चाचण्यांना दमडीही लागत नाही.