नखाने चालणारा फोन

पानाच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक असली की बोटाच्या पेराचा उपयोग नसे. तिथे अंगठ्याचे नख टेकवायचे आणि अलगद दाबायचे. फोन हलकासा थरथरे आणि पान उघडे. नोकिया ५८०० एक्स्प्रेसम्युझिक ज्यांनी दोन-तीन वर्षे वापरला, त्यांच्या हाताला ही सवय अशी जडली होती की पुढे नवा फोन आल्यावरही ते नख टेकवत राहिले आणि नवा फोन ढिम्म हलेना.

हा फोन २ ऑक्टोबर २००८ रोजी लंडनमध्ये जाहीर झाला. नोकियाच्या आतल्या वर्तुळात त्याला ‘ट्यूब’ म्हणत. बाजारात येण्याआधीच, जुलै २००८ मध्ये, तो ‘द डार्क नाइट’ या चित्रपटात दिसला होता, त्यामुळे कुतूहल भरपूर होते. नोकियाचा हा पहिला टचस्क्रीन फोन असे तेव्हा सर्रास लिहिले गेले, ते खरे नाही. २००४ सालीच कंपनीने ७७१० हा टचचा फोन काढला होता. तो फारसा कोणाच्या हाती पडला नाही, एवढेच. ५८०० मात्र हातोहात गेला. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने सांगितलेला आकडा १० लाखांचा होता.

या यशामागचे पहिले कारण साधे होते. हातातल्या १०९ ग्रॅम वजनात माणसाला काय काय मिळत होते ते पाहावे. ३.२ इंची पडदा, ६४० बाय ३६० पिक्सेलचा. आयफोनचा पडदा त्या वेळी ४८० बाय ३२०चा होता. कार्ल झाइसची लेन्स असलेला ३.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, सोबत दोन एलईडींचा फ्लॅश आणि व्हिडिओ रेकॉर्डिंग. वाय-फाय, जीपीएस, ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक, डाव्या कडेला दोन स्पीकर आणि डब्यातच ८ जीबीचे कार्ड. भारतात ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या ८ जीबीच्या आयफोन ३जीला ३१,००० रुपये मोजावे लागत होते. त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंग नव्हते, कार्ड घालायची सोय नव्हती, बॅटरी काढता येत नव्हती आणि ब्लूटूथवरून शेजारच्याला गाणे पाठवता येत नव्हते.

यातली शेवटची गोष्ट आपल्याकडे फार मोलाची होती. त्या काळात गाणी इंटरनेटवरून क्वचितच येत, ती माणसाकडून माणसाकडे जात. कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या खोलीत, एसटीच्या बाकावर ‘ब्लूटूथ ऑन कर’ हे वाक्य दिवसातून दहादा कानी पडे. अशा जगात स्वतःला एक्स्प्रेसम्युझिक म्हणवणाऱ्या फोनचे गाण्यापुरते काम चोख होते, आणि ज्यांनी तो वापरला ते आजही पहिला शब्द आवाजाबद्दलच बोलतात. दोन स्पीकर एकाच कडेला असल्याने फोन आडवा धरला की आवाज एका बाजूनेच येई, ही त्यातली खरी उणीव. पण खोलीभर पुरेल एवढा तो मोठा आणि स्वच्छ होता. साधा जॅक असल्यामुळे आपल्या आवडीचे हेडफोन लावता येत. त्याआधीच्या कितीतरी नोकिया फोनांत कंपनीचेच हँड्सफ्री वापरावे लागत असल्याने ही मोकळीक लोकांना जाणवली.

नखाची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण या फोनचे सगळे गुणदोष तिथून सुरू होतात.

५८०० चा पडदा रेझिस्टिव्ह जातीचा. वर लवचीक फिल्म, खाली काच, दोन्हींच्या आतल्या बाजूला वीजवाहक पारदर्शक थर आणि मध्ये नाममात्र पोकळी. वरून दाबले की दोन थर एकमेकांना टेकतात, तिथे विजेचा दाब मोजला जातो आणि कुठे दाबले ते फोनला कळते. म्हणजे त्याला स्पर्श कळत नाही, दाब कळतो. आयफोनचा पडदा कॅपॅसिटिव्ह. त्याला बोटामुळे पडद्याच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल कळतो, दाब लागतच नाही. म्हणून ५८०० नखाने चालतो, काडीने चालतो, हातमोजा घालूनही चालतो, आणि म्हणूनच त्याच्यावर बोट नुसते फिरवून काही होत नाही. दोन बोटांनी चित्र मोठे करायची सोय नाही. वरच्या फिल्मवर ओरखडे पडतात, म्हणून स्क्रीनगार्ड लावायचे. ते नीट चिकटले नाही की टच आणखी बोथट.

या जातीचा एक फायदा दुरुस्तीवाल्यांना पक्का ठाऊक होता. टचचा थर आणि खालचा डिस्प्ले वेगवेगळे. त्यामुळे फोन पडला, वरचा थर गेला आणि चित्र शाबूत राहिले, तर नुसता ‘टच’ बदलून काम भागे. ‘टच गेलाय की डिस्प्ले?’ हा मोबाइलच्या दुकानातला पहिला प्रश्न असे आणि त्याच्या उत्तरावर खर्च ठरे.

कव्हरच्या खालच्या कोपऱ्यातून एक काडी बाहेर निघे, ती स्टायलस. तिचा एक उपयोग नव्या मालकाला सहसा माहीत नसे. सिमकार्ड कडेच्या झाकणातून आत जाई, पण बाहेर काढायला बॅटरी काढून आतल्या खाचेतून त्याच काडीने ते ढकलावे लागे. अनेकांनी सिम अडकले असे समजून चिमटे लावले.

पडद्याची तक्रार लोकांनी पचवली, कारण तो चालत होता. खरी चिडचिड व्हायची ती आतल्या सॉफ्टवेअरची. सिम्बियन या व्यवस्थेचे एस६० हे रूप कळांच्या फोनसाठी घडवलेले. त्याची पाचवी आवृत्ती टचसाठी सजवली आणि ५८०० मध्ये बसवली. सजावट वरवरची राहिली. मेन्यूतल्या चित्रावर एकदा दाबले की ते उघडे, पण यादीतल्या नावावर एकदा दाबले की ते नुसते उजळे, उघडायला पुन्हा दाबायचे. कुठे एकदा आणि कुठे दोनदा याचा नियम हाताला सांगता येत नसे. यादी खाली सरकवायला कडेची बारीक पट्टी पकडून ओढायची. बोटाने झटका दिला की यादी आपोआप सरकत जाणे २०१० च्या सुरुवातीला नव्या फर्मवेअरने दिले, म्हणजे मालकांनी वर्षभर ती पट्टी ओढली. मेसेज लिहायला घेतला की सबंध पडदा लिहिण्याच्या चौकटीने झाकला जाई आणि समोरच्याने काय विचारले होते तेच दिसेनासे होई.

शिवाय ‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’. इंटरनेटवरून उतरवलेले ॲप टाकायला जावे, तर हा निरोप समोर. त्यावरचा तोडगा शाळेतली मुलेही जाणत होती: फोनची तारीख एक-दोन वर्षे मागे न्यायची, ॲप टाकायचे, तारीख पुन्हा जागेवर आणायची.

पहिल्या काही महिन्यांत बनलेल्या फोनांत कानाशी ऐकू येणारा छोटा स्पीकर बंद पडत असे. समोरचा बोलतोय, पण ऐकू येत नाही. स्पीकरफोन लावला की ठणठणीत. नोकियाने २००९ मध्ये हा दोष मान्य केला आणि वॉरंटीत दुरुस्ती करून दिली. दोष नाकारण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. पण नवाकोरा फोन घेऊन सर्व्हिस सेंटरच्या रांगेत उभे राहावे लागलेल्या माणसाचा दिवस त्याने परत येत नाही.

आणखी एक वाया गेलेली गोष्ट म्हणजे पुढचा कॅमेरा. तो होता थ्रीजीवरच्या व्हिडिओ कॉलसाठी. आपल्याकडे थ्रीजी प्रथम एमटीएनएल आणि बीएसएनएल या सरकारी कंपन्यांनी आणले, आणि खासगी कंपन्यांचा स्पेक्ट्रम लिलाव झाला २०१० मध्ये. त्यामुळे २००९ साली फोन घेतलेल्या बहुतेकांच्या हातात सोय होती, नेटवर्क नव्हते.

मराठी वाचणाऱ्यांची अडचण याहून वेगळी होती. फोनच्या ब्राउझरमध्ये देवनागरी पानाच्या जागी अनेकदा नुसते चौकोन दिसत. उपाय सापडला ऑपेरा मिनीत. पत्त्याच्या पट्टीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे इंग्रजीत टाइप करायचे. सेटिंगची एक लांबलचक यादी उघडे. तिच्यात शेवटाकडे, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का, असा एक प्रश्न असे. तिथे ‘येस’ करून सेव्ह करायचे. मग दूरवरचा सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रे करून पाठवी आणि वर्तमानपत्राचे पान चौकोनांऐवजी जोडाक्षरांसकट उघडे. अक्षरे थोडी धूसर, पण वाचता येणारी. कोणत्याही कंपनीने जाहिरात न केलेली ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगत पसरली. मराठी माणसाने मोबाइलवर मराठी वाचायला सुरुवात केली त्या इतिहासात हिची नोंद व्हायलाच हवी.

जानेवारी २०१० मध्ये नोकियाने आपले नकाशे आणि बोलून रस्ता सांगणारे नेव्हिगेशन फुकट केले. नकाशा आधी कार्डात उतरवून ठेवता येई, मग घाटात रेंज गेली तरी तो समोर राही. महागड्या डेटाच्या त्या दिवसांत ही मोठी गोष्ट होती. त्याच सुमारास ५२३३ आला: तसाच पडदा, तीच सिम्बियन, पण वाय-फाय, जीपीएस आणि थ्रीजी काढून किंमत कितीतरी खाली आणलेली. आपल्या गावागावांत घरातला पहिला टचस्क्रीन म्हणून आला तो बहुधा हाच धाकटा भाऊ. त्याला वाट करून दिली ५८०० ने.

आयफोनची फसलेली नक्कल असे ५८०० ला म्हणणे अन्यायाचे आहे. यंत्र म्हणून तो दिलदार होता. किमतीच्या मानाने इतके देणारे फोन तेव्हा मोजके होते. फसले ते आतले काम, कारण स्पर्शासाठी सगळे मुळापासून पुन्हा मांडायला हवे होते आणि ते नोकियाने वेळेवर केले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी जाहीर केली आणि सिम्बियनचा रस्ता संपला. ५८०० मधली बीएल-५जे ही बॅटरी मात्र टिकली. २०१३ सालच्या ल्युमिया ५२० मध्ये, विंडोजवर चालणाऱ्या फोनमध्ये, त्याच नावाची बॅटरी होती.

कपाटाच्या खणात तुमचा ५८०० अजून पडून असेल, तर आज काढा. आधी बॅटरी पाहा. फुगलेली असेल तर तिला टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मग डाव्या कडेचे झाकण उघडून ते ८ जीबीचे कार्ड काढा आणि संगणकाला लावून बघा. त्या वर्षांतले फोटो आणि ब्लूटूथवर मिळालेली गाणी बहुधा तिथेच असतील. कार्ड कायम टिकत नाही, तेव्हा प्रत काढून ठेवा.