वॉल्टर कॉफमन : आकाशवाणीच्या धूनपलीकडचे

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पुढे ते चेकोस्लोव्हाकियात आले आणि आज चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ओळखले जाते. घराणे जर्मन बोलणाऱ्या ज्यूंचे. कॉफमन पियानो वाजवत, संगीतरचना करत, वाद्यवृंदाचे संचालन करत आणि संगीताचा शास्त्रीय अभ्यासही करत. आयुष्यातली सुमारे बारा वर्षे त्यांनी मुंबईत काढली.

शिक्षण आधी बर्लिनला झाले. तिथे रचनेसाठी फ्रान्झ श्रेकर हे गुरू लाभले आणि कुर्ट झाक्स यांच्यामुळे युरोपबाहेरच्या संगीताची दारे किलकिली झाली. नंतर प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटची तयारी केली. पण मार्गदर्शक नाझी चळवळीत असल्याचे कळताच त्यांनी ती पदवी नाकारली. हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू कलावंताला जर्मनीत थारा उरला नव्हता. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. काही काळ राहून परतावे असा विचार असेलही. पण १९३९ मध्ये नाझींनी प्राग ताब्यात घेतले आणि परतीची वाटच संपली. त्यांच्या पत्नी गर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यातले काहीच उमगले नाही. मात्र लाखो माणसे ज्या संगीतावर जीव टाकतात ते निरर्थक असणार नाही, उणीव आपल्याच कानात आहे, असे त्यांनी मानले. त्या काळच्या युरोपियन संगीतकारांत ही वृत्ती दुर्मीळ होती आणि कॉफमन यांचे पुढचे सगळे काम तिच्यातूनच उभे राहिले.

मुंबईत आल्यावर लगेच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. हे मेहली म्हणजे जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता यांचे वडील. नाझींच्या भीतीने युरोप सोडून आलेल्यांचे एक छोटे वर्तुळच तेव्हा मुंबईत होते. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन त्यांपैकीच. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेवर या दोघांचा मोठा प्रभाव पडला. कॉफमन यांनी मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही संगीत दिले.

१९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. आकाशवाणीची सुप्रसिद्ध धून त्यांचीच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मागे तानपुरा, त्यावर व्हायोलिन आणि शिवरंजनी रागाची छाया, इतकाच तिचा ऐवज. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि पुढे ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोहोचले. कऱ्हाकाठच्या वस्त्यांवर गोठ्यात धारा काढणाऱ्यांपासून इंदापूरकडे उसाची दारे धरायला निघालेल्यांपर्यंत अनेकांचा दिवस या सुरांनी उजाडू लागला. ते बांधणारा कोण, हे सहसा कुणी विचारले नाही.

पियानोवादकाला राग अवघड का जातो, हे पट्टी पाहिली की कळते. सप्तकात बारा पट्ट्या आणि प्रत्येकीचा सूर ठरलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड किंवा गंधाराचे आंदोलन तिथे उमटतच नाही. हार्मोनियमवरही हाच आक्षेप होता आणि म्हणूनच १९४० मध्ये रेडिओने तिला बंदी घातली. कॉफमन यांनी पियानोकडून रागाची अपेक्षा केली नाही. रागांचा अभ्यास वेगळा केला आणि रचनेत त्यांच्या स्वरावलींचा उपयोग करून घेतला. १९४५ ची ‘नवरत्नम्’ ही पियानो व छोट्या वाद्यवृंदासाठीची रचना त्याचा नमुना आहे.

१९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला. लंडन, मग कॅनडातील हॅलिफॅक्स, आणि १९४८ पासून विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचे पहिले संगीत संचालकपद असा प्रवास झाला. दशकभराने ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि मुंबईत जमवलेले साहित्य तिथे ग्रंथरूप झाले. १९६८ चा ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा त्यांचा सर्वांत भरीव ग्रंथ. त्यातली मांडणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांवर आधारलेली आहे. भातखंड्यांनी ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली. त्यांच्या वर्गीकरणाला कॉफमन यांच्या ग्रंथामुळे इंग्रजी वाचकही मिळाला. १९७६ मध्ये दक्षिणेकडील रागांवरचा ग्रंथ आला. काही सेकंदांच्या धूनपेक्षा हे काम कितीतरी मोठे आहे, पण नाव झाले ते धूनमुळेच.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे कॉफमन यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक रचना त्यानंतरही हस्तलिखितातच पडून होत्या. २०२० मध्ये टोरांटोच्या ‘एआरसी आँसाम्बल’ या वादकसमूहाने त्यांच्या निवडक चेंबर रचना ध्वनिमुद्रित केल्या. मुख्यतः त्यांच्या भारतातील वास्तव्यातले तंतुवाद्य चतुष्क आणि व्हायोलिन-पियानोसाठीच्या रचना त्यांत आहेत.